नळ्या बदलल्या त्या दुपारी

७ जानेवारी, बुधवार. सुट्टी आहे, समोर परातभर वालपापडी मोडायची पडली आहे. पण हे एकदा लिहून टाकते, म्हणजे डोकं मोकळं होईल.

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. वसई पूर्वेच्या एका हॉस्पिटलात मी आयसीयूची इन्चार्ज सिस्टर आहे. वीस वर्षांत माणसं जाताना पाहिली, परत आलेलं कुणी पाहिलं नाही.

नोव्हेंबरात जूचंद्रचा रूपेश आमच्याकडे होता. वय सव्वीस, न्यूमोनियाने फुप्फुसं पार बसलेली. म्हणून एक्मो लावलेलं... म्हणजे रक्त बाहेर काढून, ऑक्सिजन मिसळून परत आत सोडणारं मशीन. झोपेचं औषध चालू, आणि श्वासाच्या मशीनशी झगडू नये म्हणून अंग शिथिल करणारंही. असा पेशंट जागा झाला तरी बोट हलवू शकत नाही.

त्या दिवशी अकराला मशीनच्या नळ्या बदलल्या, गुठळ्या झाल्या होत्या. फॉर्मवर औषधांपुढे मी लिहिलं - पूर्वीप्रमाणेच.

पाऊणच्या सुमारास वॉचमन आला. "मॅडम, ती म्हातारी आत सोडा म्हणत नाहीये. तुम्हालाच बाहेर बोलावतेय."

रूपेशची आई, मथुराबाई, बाकड्यावर बसली होती.

"बाय, माजा पोर जागा झालाय."

"मावशी, त्याला झोपेचं औषध आहे. तो जागा होणार नाही."

"डावा पाय उघडा पडलाय त्याचा. गार लागतंय त्याला. बग तरी जाऊन."

बाकड्यावरून आतलं काही दिसत नाही. मध्ये दोन दारं, काच कुठेच नाही. मी "बघते" म्हटलं. आतल्या दारातूनच रूपेशच्या बेडपाशी पाठमोऱ्या उभ्या ज्युनियर सिस्टरला म्हणाले, "मी आधी जेवून घेते, सकाळपासून पोटात काही नाही."

वीस मिनिटांनी आले. चादर सरकली होती. डावा पाय गुडघ्यापर्यंत उघडा.

मग मॉनिटर पाहिला. नाडी नव्वदवरून एकशे तीसवर. डॉक्टर म्हणाले, "ताप येत असेल." मी त्यांना रूपेशचे डोळे दाखवले. पापण्यांना लावलेल्या पट्टीच्या कडेने पाणी वाहत होतं. ते सिरिंजकडे वळले. झोपेचा जादा डोस गेला आणि पाच मिनिटांत नाडी उतरली.

इथपर्यंत सगळं पुस्तकात आहे. नवं प्लास्टिक झोपेचं औषध शोषून घेतं. जुन्या नळ्या ते पिऊन भरलेल्या असतात, नव्या कोरड्या. तेवढं औषध पेशंटला कमी पडतं. शिथिल करणारं मात्र फारसं शोषलं जात नाही. हे मी स्वतः मुलींना शिकवते! आणि तरीही "पूर्वीप्रमाणेच" लिहून मोकळी झाले. ती चूक माझी, त्यात गूढ काही नाही.

पण पाय? बाहेर बसून तिला कसा कळला? वॉचमनला खोदून विचारलं. नळ्या बदलल्यापासून तिने मला बोलावेपर्यंत आत-बाहेर कुणीच केलं नव्हतं. आईचं मन वगैरे मला सांगू नका. आईच्या मनाला डावा-उजवा कळत नाही.

तीन आठवड्यांनी रूपेश वॉर्डात गेला. घशातली नळी निघाली होती. मी विचारलं, "काही आठवतं का रे?"

"पाय गारठला होता," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "हलताच येत नव्हतं. आयला हाका मारीत होतो. मग तुम्ही बोललात, आधी जेवून घेते."

त्या रात्री घरी आचोळ्याला आले, स्वयंपाक केला आणि न जेवता झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीआधी वॉर्डात गेले. मथुराबाई त्याला पेज भरवत होती. म्हटलं, "मावशी, त्या दिवशी तुम्ही सांगितलंत, आणि मी वीस मिनिटं उशीर केला. जेवायला गेले होते."

"ठाव हाय," ती चमचा न थांबवता म्हणाली. "सिस्टर जेवाया गेली, पोर तवाच बोल्ला माला."

मी वर आयसीयूत गेले, नळ्या बदलण्याचा फॉर्म काढला आणि तळाशी पेनाने एक ओळ वाढवली - झोपेचं औषध नव्याने ठरवणे, पेशंटजवळून तासभर हलू नये.