सिंटॅक्स एरर आन फेटलिंगचा गॉगल

आमच्या फौंड्रीत काम्प्युटरला पहिला हात लावला तो मी. पुसायला लावलता.

फौंड्री कागलच्या फाईव्ह स्टार एमआयडीसीत. मी तिथं फेटलिंगला हुतो. फेटलिंग म्हंजे ओतून थंड झालेल्या कास्टिंगच्या कडा ग्राइंडरवर घासून साफ करायच्या. डोळ्याला गॉगल, नाकाला फडकं, आन घरी गेलं की बायको वळखायला जरा वेळ लावायची. एक दिवस एक कास्टिंग हातातनं सुटलं आन माझ्याच पायाच्या अंगठ्यावर पडलं. पायाला पट्टी हाय तवर मालकांनी मला हापिसात बसवलं. काम्प्युटरसमोर, कारण दुसरी खुर्ची मोकळी नव्हती. हापिसात पंखा हुता. पट्टी निघाली तरी मी लंगडतच ऱ्हायलो. कुठल्या पायानं लंगडायचं ते मधनंमधनं इसरायचो, पण सोडलं न्हाय.

सासरवाडीला, उचगावात, मी सांगून टाकलं की मी आता काम्प्युटरला हाय. सासऱ्यानं चार लोकांत मला जावयबापू म्हणायला सुरवात केली. आदी नुसतं 'ते' म्हणायचे, वस्तूला म्हणत्यात तसं.

शिक्षणाचं म्हणाल तर शाळेनं आन मी एकमेकाला फार दिवस सोसलं न्हाय. इंग्रजी अक्षरं मी कास्टिंगवरच्या नंबरावरनं शिकलो.

काम्प्युटरात आमच्या मालाचा डेटाबेस हुता. राजारामपुरीतल्या एका प्रोग्रामवाल्यानं करून दिलेला. कुठला माल गेला, कुठला परत आला, का आला, हे मी एका बोटानं त्यात भरायचो. त्यातनं काय बाहेर काढायचं असलं की काम्प्युटरला प्रश्न विचारायचा. त्या प्रश्नाला क्वेरी म्हणायचं. प्रश्न इंग्रजीत, आन त्याच्या ठरलेल्या मांडणीतच. परत आलेला माल कारणासकट दाखवायची क्वेरी प्रोग्रामवाल्यानं मला कागदावर लिवून दिलती. जशी हाय तशी टाइप करा म्हणाला, डोकं लावू नका. ते मला जमण्यासारखं हुतं.

एक दिवस सकाळी मालक म्हणाले, दुपारी पुण्याचं मोठं गिऱ्हाईक येणार हाय, त्यांना परत आलेल्या मालाची यादी पायजे, आन ती काम्प्युटरवरचीच पायजे. मग माझ्या पायाकडं बघत म्हणाले, "यादी निघाली तर बस हितं. न्हाय निघाली तर उद्यापास्नं फेटलिंगला."

हे फेटलिंगच्या मिस्त्रीला कुणी सांगितलं कुणास ठाऊक. च्याच्या सुट्टीत हापिसात आला. माझा जुना गॉगल घिऊन आलता, पुसून बिसून. टेबलावर ठेवला आन गेला.

मी ती कागदावरची क्वेरी पहिल्यांदाच टाइप केली. बटण दाबलं. पडद्यावर एक चौकट आली: सिंटॅक्स एरर. अकौंटंटबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, मांडणी चुकलीय. मी कागुद आन पडदा अक्षराला अक्षर लावून बघितला. स्वल्पविराम जागेवर हुते. कंस जेवढे उघडलेले तेवढे मिटलेले. पुन्यांदा बटण दाबलं, एरर. सगळं खोडून नव्यानं टाइप केलं, यावेळी शर्टाची गळ्याजवळची गुंडी लावून. एरर. काम्प्युटर बंद करून चालू केला. एरर. ग्राइंडर अडला की मिस्त्री त्याला बाजूनं एक लाथ घालतो, ते आठवलं. मी चांगल्या पायानं, म्हंजे त्या दिवशी जो चांगला हुता त्यानं, टेबलाला हळूच एक घातली. प्रिंटर जागा झाला आन त्यानं एक कोरा कागुद बाहेर टाकला.

शेवटी प्रोग्रामवाल्याला फोन लावला. म्हणाला, पडद्यावर काय हाय ते पहिल्यापासनं वाचा. मी सिलेक्ट ह्या शब्दापासनं शेवटापर्यंत वाचून दाखवलं. म्हणाला, बरोबर हाय. मी म्हटलं, बरोबर हायच की. मग एरर का येतोय, म्हणाला. ते इचारायलाच फोन केलाय, मी म्हटलं. परत वाचा म्हणाला. परत वाचलं. परत बरोबर. असं बराच वेळ आमचं दोघांचं बरोबर चाललं, आन मग तो स्कूटरला किक मारून कागलला निघाला.

आला, हेल्मेट काढायच्या आदी पडद्याकडं बघितलं आन तसाच उभा ऱ्हायला.

"पावणं, हे सगळ्यात वर काय लिवलंय?"

"श्री."

"मी दिलेल्या कागदावर हाय हे?"

"तुमी घालायचं इसरलावता. मी मनावर घेतलं न्हाय."

"मग फोनवर का वाचला न्हाईसा?"

"श्री कुणी वाचतं व्हय?"

आमच्यात कोरा कागुद घेतला की वर श्री, मग मजकूर. गेटपासावर श्री, बिलावर श्री, भट्टीच्या कडंला खडूनं श्री. बायको बाजाराची चिठ्ठी लिवती तीबी वर श्री आन खाली कांदे. श्री कुणी मजकुरात धरत न्हाय. काम्प्युटर धरत हुता. त्याला क्वेरीचा पहिला शब्द त्याच्या वळखीचाच लागतो, सिलेक्ट न्हायतर तसलाच एखादा, दुसरं काय दिसलं की तो पुढचं बघतच न्हाय, असं प्रोग्रामवाल्यानं समजावून सांगितलं. मग श्री खोडायला त्यानं बोट उचललं आन नेमके मालक आत आले. काय खोडताय म्हणाले. त्यानं सांगितलं.

मालक खुर्ची वडून बसले. ह्या फौंड्रीत श्री खोडून एकबी काम चालू झालेलं न्हाय म्हणाले, आन गिऱ्हाईक यायच्या दिवशी तर व्हायचंच न्हाय. प्रोग्रामवाल्यानं सांगून बघितलं, की हे यंत्र हाय, त्याला ह्यातलं काय कळत न्हाय.

"त्याला कळत न्हाय म्हणून आपण सोडायचं व्हय?" मालक म्हणाले.

गेटवर गाडीचा हॉर्न वाजला. गिऱ्हाईक आलं. मी गॉगलकडं बघितलं. काच खरंच चांगली पुसली हुती.

प्रोग्रामवाल्यानं कपाळ पुसलं. म्हणाला, क्वेरी जपून ठेवायची तर तिला नाव द्याय लागतं. नावच श्री ठेवू या.

"नाव वर दिसतंय न्हवं?" मालकांनी इचारलं.

"वरच दिसतंय."

"मग खोडा तिथलं."

श्री आतनं निघाला आन वर नावात जाऊन बसला. प्रोग्रामवाल्यानं बटण दाबलं. यादी आली, छापून निघाली. पुण्याच्या सायबांनी ती उभ्याउभ्या बघितली, घडी घालून ब्यागेत टाकली आन जेवायला कुठं जायचं ते इचारलं.

त्यांना गाडीत बसवून मालक परत आत आले. दारात मिस्त्री हुता, बराच वेळ उभा असणार. मालक त्याला म्हणाले, यादी निघाली खरी, पण ह्यानं काढली न्हाय. तर ह्याला तुझ्याकडं पाठवू का? मी उठून उभा ऱ्हायलो, उजव्या पायानं लंगडत. अंगठा डाव्या पायाचा चेचलता.

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं, टेबलावरचा गॉगल उचलला आन खिशात घातला.

"ऱ्हाऊ द्या हितंच, मालक," तो म्हणाला. "हितं नुसता कागुद वाया घालवतोय. माझ्याकडं लोखंड घालवत हुता."