रुसलेल्या गेणूचा फोटो
कारभारी सोनवणे यांना आधी खोट दिसायची, मग वस्तू. सातपूरच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं तपासणी खात्यात घालवलेला माणूस! केसाएवढा ओरखडा दिसला की नग लाल पेटीत. रिटायर झाले तरी खोड काही गेली नाही. भाकरीची कड कुठे जाड राहिली तेही बोट लावून दाखवायचे, आणि बायको, लताबाई, त्यांच्यापुढून ताटच उचलून न्यायच्या.

या कडक माणसाने लाड केले ते फक्त गेणूचे. गेणू म्हणजे हॉलमधल्या काचेच्या टाकीतला ऑस्कर मासा. वीतभर लांब, काळा, अंगावर विस्तवासारखे नारिंगी डाग. त्यांच्या एकुलत्या एका लेकीने, मनालीने, कॉलेजात असताना बोटभर पिल्लू आणलं आणि सायखेड्याच्या चुलत आजोबांचं नाव ठेवलं. दोघांचाही खालचा ओठ पुढे! मनाली आता चेन्नईला नोकरीला. दर रविवारी फोन यायचा, पण दोन वर्षं ती स्वतः आली नव्हती. वडील रिटायर झाले तेव्हा तिने कुरिअरने कॅमेरा पाठवला आणि बजावलं, "पप्पा, पहिला फोटो गेणूचा. माझ्या टेबलावर लावायचाय."

"कधी येतेस?" हे कारभारींनी तिला कधी विचारलं नाही. लेकीच्या नोकरीत आपली लुडबूड नको, असं त्यांचं म्हणणं. आठवण मात्र इतकी यायची की फोन ठेवल्यावर ते बराच वेळ गेणूशीच बोलत बसायचे. आता फोटो तरी असा पाठवू, की कुणी नावं ठेवायला नकोत.

पहिले दोन दिवस फोटोत कारभारीच आले. टक्कल, चष्मा, बनियन, सगळं काचेत स्वच्छ. मग कुणीतरी सांगितलं, कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा. लताबाई बहिणीकडे गेल्या होत्या. कारभारींनी कपाटातून त्यांची काळी साडी काढली, दोन खुर्च्यांवर ताणली आणि घडीतून कॅमेऱ्याचं भिंग तेवढं बाहेर काढलं. ती येवल्याची पैठणी होती. संक्रांतीला नेसायची आणि एरवी मलमलीत गुंडाळून ठेवायची.

फोटो मोठा करून पाहतात तर गेणूच्या पोटावर पिवळा डाग! बुरशीच लागली म्हणायची. घाबरून त्यांनी अर्धं पाणी बदललं, मीठ टाकलं. पुन्हा फोटो काढला, आणखी मोठा केला, तेव्हा डागाला चोच दिसली. मग मान, मग पिसारा. पदरावरचा मोर काचेत उतरला होता.

"अहो! पैठणी हाय ती, चादर नाय!" दारातून लताबाई कडाडल्या.

"मोर विणलाय मात्र चोख," कारभारी पुटपुटले. लग्नानंतर त्यांनी बायकोच्या वस्तूला चांगलं म्हटलं ते हे पहिल्यांदाच, पण वेळ चुकली.

मग काळी छत्री आली. सकाळपासून जेवणापर्यंत फोटोच फोटो. एकात डोळा अंधुक, दुसऱ्यात शेपूट कापलेली, तिसऱ्यात नाकापुढे बुडबुडा. सगळे पुसून टाकले. चौथ्या दिवशी गेणू तळाला आडवा पडला, काचेकडे पाठ करून. दाण्याला तोंड लावेना.

"काका, ऑस्कर रुसतो," मासेवाल्या दुकानदाराने फोनवर सांगितलं. "पण तुमचा म्हातारा आहे. जपा."

लेकीची घरातली एवढीच जिवंत खूण, आणि तिलाच आपण फोटोपायी छळलं! कारभारींनी कॅमेरा बासनात बांधला आणि टाकीपुढे स्टूल टाकलं. "चुकलं रे माझं," ते म्हणत राहिले. त्यांनाही घास उतरेना.

"दोघं बी सारखेच रुसके," लताबाई म्हणाल्या, पण स्टुलापाशी चहा त्यांनीच आणून ठेवला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, रविवारी, गेणू वर आला आणि त्यांच्या चिमटीतला दाणा त्याने ओढून घेतला. कारभारींचे डोळे भरून आले. तेवढ्यात मनालीचा फोन.

"पप्पा, फोटो कुठाय? कसाही चालेल."

"नाही काढला."

"का?"

उजेड नीट नव्हता, असं सांगायचं त्यांच्या ओठावर आलं होतं. पण गेणूकडे पाहता पाहता निराळंच तोंडून निघालं.

"अगं, म्हातारा झालाय तो. मीही झालोय. फोटो नको मागू, मने. तूच ये."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"पप्पा, दर रविवारी मी हेच ऐकायला फोन करत होते."