भाऊजींचा सोपा कागद

"सोपं करून वाटतोयस म्हणजे गाण्याचे हातपाय तोडून वाटतोयस," आमचे हे धाकट्या भावाला म्हणाले, तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. दार लोटलेलं होतं, पण आमच्या घरात दारं नुसती नावाला.

भाऊजी आवाज न चढवता म्हणाले, "दादा, ज्याचा पाय पोचत नाही त्यानं काय नुसतं ऐकत बसायचं?"

दुसऱ्या दिवसापासून दोघे भाऊ माझ्यामार्फत बोलू लागले. वहिनी, दादाला विचारा जेवला का. अगं, त्याला सांग नळ बंद कर. मी म्हणजे घरातलं पोस्टच झाले.

भांडण होतं पेडल स्टील गिटारीवरून. ही गिटार टेबलासारखी चार पायांवर आडवी असते. दहा तारा. डाव्या हातात लोखंडी दांडी धरून तारांवरून सरकवायची, उजव्या हाताने छेडायचं आणि खालच्या तीन पेडलांपैकी एक डाव्या पायाने दाबला की तार ताणली जाते, सूर हुंदका दिल्यासारखा वर चढतो. दोघे भाऊ एकाच गिटारीवर शिकले. पोस्टातले मास्तरही वाजवायचे, पण त्यांचा डावा गुडघा धड वाकत नसे. त्यांच्यासाठी भाऊजींनी सुट्टीत वाजवायला एक गाणं सोपं करून लिहून दिलं, आणि घरात ठिणगी पडली. मास्तरांचं बघून आणखी लोक मागू लागले. होता होता त्रेचाळीस पत्ते झाले. वर्षाअखेरची सुट्टी लागायच्या आत प्रत्येकाला एक कागद जायचा, फुकट.

माझी शाळा दुसरीपर्यंत. पण रेघ सरळ मारते आणि आकडे ओळखते, तेवढ्यावर मला काम लागलं. दहा तारांच्या दहा रेघा. रेघेवर आकडा, म्हणजे दांडी कुठे ठेवायची ते. आकड्याला चिकटून अ, ब नाहीतर क, म्हणजे पेडल कुठला ते. झेरॉक्सवर भाऊजींचा विश्वास नव्हता, रेघा पुसट येतात म्हणायचे. म्हणून सगळं हाताने. सुरातलं मला ओ की ठो कळत नाही, पण त्या कागदाचा कोपरान् कोपरा पाठ होता.

दिवसा भाऊजी धुलाईच्या कारखान्यात वाफेच्या इस्त्रीवर असत. तेही यंत्र डाव्या पायानेच दाबायचं. "दिवसा चादरी, संध्याकाळी तारा, पाय बिचारा तोच," म्हणायचे. लग्न केलं नाही. विषय काढला की म्हणत, गिटारीचे चार पाय ठेवायलाच खोली पुरत नाही, आणखी दोन कुठे ठेवू?

साखरेच्या आजाराने तो पाय बधिर होत गेला, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला कागदाने सांगितलं, कारण स्वतः वाजवून पाहिल्याशिवाय ते काही लिहीत नसत. एका वर्षी क दिसेना. विचारलं, तर सोपं केलंय म्हणाले. दोन वर्षांनी ब गेला. लोकांची पत्रं यायची, आमच्यासाठी किती समजून लिहिता म्हणून. भाऊजी ती मला वाचून दाखवत आणि खणात टाकत. मला त्या लोकांचा राग यायचा. त्यांचा काय दोष म्हणा.

शेवटच्या वर्षी कागदावर नुसते आकडे होते. अक्षर एकही नाही. त्याच आठवड्यात त्यांचे मोजे धुताना वास आला, आणि मी ह्यांना सांगितलं. हे तडक भावाच्या खोलीत गेले. कितीतरी वर्षांनी थेट बोलले, "चल डॉक्टरकडे."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, सोमवारी दाखल व्हा, पाऊल काढावं लागेल, उशीर केलात तर विष वर चढेल. भाऊजी म्हणाले, शुक्रवारी येतो. सव्वीस कागद राहिले होते. आम्ही लिहितो, तू जा, असं ह्यांनी परोपरीने सांगितलं. पण आकडा एका रेघेने घसरला तर गाणं गेलं, तपासायला मी हवा, एवढंच त्यांचं. शेवटी हेच खुर्ची ओढून बसले आणि पट्टी हातात घेतली. घरात तिघं एका टेबलाशी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. मला बरं वाटत होतं, हे आज लिहायची लाज वाटते. त्यांना ओढत न्यायला हवं होतं. मी रेघा मारत बसले.

शुक्रवारी दुपारी दवाखान्यात नेलं तोवर विष मांडीपर्यंत गेलं होतं. रविवारी भाऊजी गेले.

पण त्या शुक्रवारी सकाळी आधी पोस्ट. एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर, पिशवी माझ्याकडे. शंभर पावलांना अर्धा तास लागला. मास्तरांचा कागद नेहमीसारखा उघडाच खिडकीतून आत दिला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला.

"यंदा अगदीच सोपं केलंत. एकही पेडल नाही?"

"सुट्टी आहे ना मास्तर. पायांनाही सुट्टी."

मास्तर हसले. मी पाकिटांकडे बघत राहिले. भाऊजींनी प्रत्येक तिकीट स्वतः चिकटवलं, अंगठ्याने दाबलं, पत्ता पुन्हा वाचला आणि पाकीट आत सरकवलं. परतताना कोपऱ्यावरच्या दुकानाशी दरवर्षीसारखे थांबले, माझ्यासाठी पेन्सिल घेतली, टोक नखावर घासून पाहिलं.

"घ्या वहिनी," म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या रेघांना."