लाल दोऱ्याचा कप

स्टीलच्या कपाच्या कानाला लाल दोरा बांधलेला होता. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसलेल्या एका आजींचा तो कप. त्यांच्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा आमच्या प्रयोगशाळेत, टिकावा म्हणून, मेणात बसवून ठेवलाय. त्यात एखादा विषाणू लपलाय का, हे मी शोधते आहे.

त्यांची सून हळूच म्हणाली, "मॅडम, विषाणू शोधताय म्हणजे हा लागणारा आजार असणार ना? म्हणून आईंचा कप वेगळा केलाय."

"अहो, कॅन्सर कपातून लागत नाही. काढा तो दोरा!" मी चिडूनच म्हटलं.

खरं तर चिडले होते माझ्यावरच. प्रत्येक तपासणीत आम्ही एका नळीत नुसतं पाणी ठेवतो. त्या पाण्यात काही दिसता कामा नये. आज सकाळी गाठीच्या नळीत विषाणूची खूण दिसली आणि मी हरखले. मग पाण्याच्या नळीतही तीच दिसली. म्हणजे गाठीतली खूणही खात्रीची नाही; माझ्याच हातून कुठेतरी थेंब उडाला असणार. आता सगळं पुन्हा करायचं. पण मी हरखले कशाला? कुणाच्या तरी गाठीत काहीतरी सापडलं म्हणून?

आजी सगळं ऐकत होत्या. त्यांनी कप विसळला, थर्मासमधला चहा त्यात ओतला आणि माझ्यापुढे धरला. "घ्या बाई, दमलात."

मी कप घेतला. पण त्याआधी माझा हात क्षणभर, आपसूक, खिशातल्या हातमोज्यांकडे गेला होता.

आजींनी ते पाहिलं.