पंगत उठेपर्यंत

रात्रपाळी करून आलेल्या शालन सिस्टरचा दुपारी डोळा लागतो न लागतो, तोच छबुताई पायथ्याशी येऊन बसते. तिला जाऊन महिना झाला आहे. एक पापणी नेहमीसारखी अर्ध्यावर उतरलेली.

शालन दवाखान्यात स्नायूंच्या आजाराच्या रुग्णांना गोळी कधी घ्यायची, घास कसा गिळायचा ते शिकवते. हा आजार मेला लबाड. सकाळी धडधाकट दिसणारं माणूस दिवस कलेपर्यंत घास गिळायलाही थकतं. छबुताई तिची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, आणि नातवाच्या जावळाच्या जेवणात घास अडकून तीच गेली. पेशंटचा हलगर्जीपणा, म्हणून डॉक्टर मोकळे झाले. शालनला ते पटत नाही. संध्याकाळी वॉर्डात याच आजाराची नवी बाई यायची आहे. तिला हेच धडे द्यायचे तरी कोणत्या तोंडाने?

"गोळी चुकवली होती का हो?" शालन छबुताईला विचारते.

"न्हाई वो सिस्टर. गोळी घ्यायची, अर्धा तास थांबायचं, मग जेवायचं. तुमीच शिकिवलंय की. येळेवर घेतली."

"मग अर्ध्या तासाने जेवला का नाहीत?"

"पंगत बसली हुती न्हवं."

आता दोघी वॉर्डात आहेत, आणि खाटांच्या जागी पत्रावळी आहेत. सासरे, दीर, जावई, पाहुणे जेवताहेत. एक पंगत उठते, दुसरी बसते. छबुताई वाकून भात वाढते आहे. गोळीचा जोर ओसरत चाललाय हे शालनला कळतं, तिचा जीव तुटतो. 'बसा आता' म्हणायला जावं, तर तिच्याच हातात आमटीची बादली. कुणीतरी द्रोण पुढे करतं आणि ती मुकाट्याने वाढते.

उन्हं उतरतात. शेवटी बायका बसतात. छबुताई एका हाताने स्वतःचा जबडा उचलून धरून चावते आहे.

"हनुवटी खाली घ्या. छोटा घास," शालन रडकुंडीला येते. "सगळं शिकवलं होतं मी तुम्हाला."

"मला शिकिवलंसा," छबुताई नाकातून बोलते. "जेवणाऱ्यास्नी कुणी शिकिवलं?"

तिचा गार हात शालनचा जबडा धरतो आणि घट्ट दाबतो.

शालन दचकून उठते. आरशात जबड्यावर चार बोटं लाल उमटली आहेत. ती तशीच वॉर्डला फोन लावते.

"नव्या बाईंच्या घरचे बाहेर थांबतो म्हणाले तर सोडू नकोस. नवऱ्याला बसव, सासूला बसव. आधी त्यांना शिकवायचंय."

छबुताईला याचा आता काडीचा उपयोग नाही. शालन गालाला हात लावून पलंगावर बसून राहते. वळ ठणकतात.