दवाखान्याच्या फाटकाला लावलेले हंडे

तुमचं बीपी किती आहे, सांगता येईल? मोबाईल केवढ्याला घेतला ते लगेच सांगाल. भागूबाईलाही सांगता यायचं नाही, म्हणून तुम्हाला नावं ठेवत नाही.

भागूबाई मुकुंदवाडी स्टेशनामागच्या आमच्या वस्तीत राहते. माहेर लासूर स्टेशनचं. नवरा गेल्यापासून धुणीभांडी करते. शेजारची जाहेदा शिलाईकाम करायची. दोघींना बीपी. गोळ्या वस्तीतल्याच सरकारी दवाखान्यात फुकट. पण तो सकाळी उघडायचा नि दुपारी बंद व्हायचा. सकाळी भांडी टाकून रांगेत उभं राहिलं की मालकीण दुसरी बाई बघते. जाहेदाचंही तेच, माल वेळेत पोचला नाही तर काम दुसरीला. मग "डोकं दुखत नाय, गोळी कशाला?" असं एकमेकींना सांगत दोघींनी गोळ्या सोडल्या.

मागच्या उन्हाळ्यात मशीनवर बसल्याबसल्या जाहेदाचं तोंड वाकडं झालं. उजवा हात गेला. मोठ्या दवाखान्यात जीव वाचला. मशीनवर मात्र अजून चादर आहे.

मी भडकलो. मोर्चाच काढतो म्हणालो.

"गप रं," भागूबाई म्हणाली. "तुझ्या मोर्च्यानं नळाला पाणी आलं व्हय? पाण्याला आपण काय करतो? नंबर लावतो."

आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. बायका हंडे रांगेत ठेवून कामाला जातात. हंडा म्हणजे माणूसच, त्याला कोणी हात लावत नाही. त्या संध्याकाळी भागूबाईनं आपला हंडा बंद दवाखान्याच्या फाटकाला लावला. उंबऱ्यात बसलेली जाहेदा अडखळत बोलली, "मेरा बी रख, भागू." दोन झाले. आठवड्याभरात रांग रस्त्याला लागली.

एका सकाळी डॉक्टर राजनंदिनी मॅडमना आत जायला वाट मिळेना.

"हे काय? इथं पाणी येत नाही!"

"ठाव हाय बाई," भागूबाई म्हणाली. "गोळीचा नंबर हाय. आमी कामावर चाललो. सांजच्याला येऊ, तवर हंडे थांबतील."

"उचला आधी."

"तुमीच उचला. पन नळावरचं भांडण बघितलंय नव्हं कदी?"

मॅडमना हसू आवरेना. फोटो काढून त्यांनी वर पाठवला, आणि पाठपुरावाही केला, हे कबूल करतो. आता दवाखाना संध्याकाळीही उघडतो. भागूबाई कामावरून परस्पर तिथं जाते, गोळी चुकवत नाही. जाहेदाला हाताला धरून नेते.

मोठी हॉस्पिटलं बांधा, माझी ना नाही. पण देशाची आरोग्यव्यवस्था या फाटकापासून सुरू होते, आणि कष्टाची माणसं घरी येतात तेव्हा ते उघडं पाहिजे.

ही संध्याकाळची वेळ दिवाळीपर्यंत प्रयोग म्हणून आहे. पेशंट दिसले नाहीत तर बंद. आणि तुम्ही अजून कोपऱ्यावरच्या खासगी डॉक्टरकडं पैसे मोजून सलाईन लावून घेताय! बंद झालं तर भागूबाईला पुन्हा भांडी नाहीतर गोळी, यातलं एक निवडावं लागेल.

तेव्हा आज संध्याकाळी या, बीपी मोजून घ्या. हंडा घरी ठेवा, स्वतः या.