आबांचा उजवा पाय

परभणीच्या दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत एक सिस्टर आहेत. मी आज जी काही आहे ती त्यांच्यामुळं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं लिहिताना माझा हात थांबतो आणि मग आभार राहून जातात. नाव लिहू नको, असं त्यांनीच बजावलंय. मेंढरांमागं फिरण्यात माझी शाळा आठवीत सुटली होती. त्यांनी माझ्याकडून सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला. बाहेरून दहावी झाली, मग बारावी. आता तिशी ओलांडल्यावर मी घरापासून दोन दिवसांच्या रेल्वेवर, दक्षिणेतल्या एका विद्यापीठात पायांच्या उपचाराचं शिक्षण घेतेय. इथं त्याला पोडियाट्री म्हणतात. येलदरीच्या अलीकडं आमचं गाव, तिथं अजून समजावून सांगावं लागतं. आत्या विचारते, "निस्ते पायच? मग वरचं मानूस कोन बघतंय?"

पहिल्या सत्रात सरांनी एक दोरा दाखवला. नायलॉनचा, ब्रशच्या केसाएवढा, दांडीला बसवलेला. पेशंटला डोळे मिटायला लावायचे आणि दोरा तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा. लागलं की पेशंटनं हो म्हणायचं. हो आलं नाही, तर तिथली जाणीव गेली. साखरेच्या आजारात ती अशीच गुपचूप जाते, सर सांगत होते. दुखत नाही म्हणणाऱ्या पायाला जास्त भ्या, असं काहीतरी ते इंग्रजीत बोलले आणि मी वहीत मराठीत उतरवून घेतलं. उतरवता उतरवता मला बिब्ब्याचा वास आला. वर्गात बिब्बा कुठून येणार? पण आला.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. वडलांच्या, म्हणजे आबांच्या, डाव्या टाचेला खोल भेगा पडल्या होत्या. बिब्बा दाभणाला टोचून निखाऱ्यावर धरायचा, काळं तेल टपकायला लागलं की भेगेत सोडायचं. आमच्याकडं सगळे करतात. माणूस ओरडतो, शिव्या घालतो, पाय ओढून घेतो, आणि तेव्हा आपण थांबतो. कुठं थांबायचं हे त्याच्या ओरडण्यावरूनच कळतं, दुसरं माप नाही. आबा ओरडले नाहीत. तंबाखू मळत बसले होते. म्हणाले, "टाक की, भितीस कशाला?" मी दुसरा बिब्बा टोचला. मग तिसरा. आत्या कौतुकानं म्हणाली, "पोरीचा हात लय हलका हाय."

आबांना साखर आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

आठ दिवसांत टाचेला वास सुटला. परभणीला नेईपर्यंत उशीर झाला होता. पाय गुडघ्याखाली कापला. डॉक्टरांनी विचारलं, "हे जाळलं कुणी?" बिब्ब्याच्या तेलानं माझी बोटं उतून काळी पडली होती. मी ती ओढणीत घेतली. सिस्टरांनी ते पाहिलं. त्या म्हणाल्या, "गावाकडं सगळेच करतात साहेब. पुढचं काय ते सांगा." आणि माझ्याकडं न बघता, "हात धू साबणानं. ट्रे धर." मी तीन महिने ट्रे धरला. त्या खोलीतच त्यांनी एकदा विचारलं, "किती शिकलीस गं?" फॉर्मचं तिथून सुरू झालं.

इतकी वर्षं मी मनाला सांगत आले होते की बिब्बा उतला, नशीब फिरलं. त्या दोऱ्याच्या तासाला कळलं की आबा सोसत नव्हतेच. त्यांना काही लागतच नव्हतं, आणि मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत जाळत राहिले.

त्यानंतर विद्यापीठात नीट बसवेना. प्रयोगशाळेत फळ्यांवर पेशंटांच्या पायांचे प्लॅस्टरचे साचे मांडलेत, पांढरेफटक, घोट्याशी संपणारे. डावा, रुंद टाचेचा एक आहे, त्याच्याकडं पाठ करूनच मी बसते. तरी तो मागं आहे हे पाठीला कळतं. बरोबरच्या मुली माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मला अक्का म्हणतात. एकीनं विचारलं, "अक्का, साच्यांना भिता का काय?" मी हो म्हटलं. ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

फोनवर आबा म्हणायचे, "गेलेल्या पायाची टाच खाजवायली बघ." नसलेला पाय हाक मारत होता, आणि असलेल्याबद्दल विचारलं की एकच उत्तर. "त्याला काय बी न्हाई." हे ऐकलं की मी वही काढून सरांचं ते वाक्य पुन्हा वाचायची. उजवा पाय तेवढा राहिला होता. तो गेला असता तर आबा कायमचे बाजेवर.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोरा घेऊन गावी गेले. सकाळी लिंबाखाली आबांना बाजेवर बसवलं, परीक्षा आहे, लागलं की हो म्हणा, असं म्हटलं आणि डोळे मिटायला सांगितले. अंगठ्याखाली टेकवला. "हो." टाचेला टेकवला. "हो." करंगळीखाली, "हो." मला इतकं हलकं वाटलं की रडूच येईल. मग का कोण जाणे, मी दोरा हवेतच धरला.

"हो," आबा म्हणाले.

"आबा, आत्ता मी लावलाच न्हाई."

ते डोळे मिटूनच गालात हसले. "मला काय ठाव? परीक्षा हाय म्हनलीस ना. बापानंच नापास करावं का तुला?"

पुन्हा सगळं केलं, त्यांना दटावून. या वेळी आबा गप्प राहिले. दहातल्या आठ ठिकाणी गप्प.

मी त्यांची चप्पल उलटी केली. टायरच्या तळव्यातून बाभळीचा काटा आत आला होता. अंगठ्याखालच्या घट्ट्यात त्याच जागी भोक होतं, कडा पांढऱ्या, आत ओल. किती दिवसांचं, ते आबांनाही सांगता येईना. आत्या वाकून बघत होती. म्हणाली, "काट्याचंच हाय. बिब्बा हाय घरात, आनते. तूच घाल, तुझा हात हलका हाय."

ते ऐकून मी उठले आणि तिचा हात धरला. मग सगळं सांगितलं. डावा पाय मी घातलेल्या त्या बिब्ब्यानंच गेला, आबांना लागतच नव्हतं म्हणून मी थांबले नाही. आत्या बिब्बा आणायला गेली नाही. आबांनी चप्पल ओढून घेऊन काटा उपटला. मग म्हणाले, "टाक म्हनून मीच म्हनलो व्हतो." आणि काटा फेकून देत, "गाडी कितीला हाय परभनीला?"

डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं, हाडापर्यंत गेलं असेल तर अंगठा जाईल, आणि मग पुढचं सांगता येत नाही. सिस्टर तिथंच होत्या, केस पिकलेल्या. सुट्टीनंतरची माझी परीक्षा दहा दिवसांवर आली होती. मी म्हटलं, या वर्षी राहू दे. त्यांनी ऐकून घेतलं नाही. "तू ट्रे धरल्यानं जखम लवकर भरणार आहे का? जा तू. म्हाताऱ्याला मी बघते."

आत्या आबांना एक दिवसाआड घेऊन जायची. त्या दिवशी दुपारी सिस्टरांकडून माझ्या फोनवर जखमेचा फोटो यायचा, शेजारी मापाची पट्टी ठेवलेली. शब्द एक नाही. वर्गातून बाहेर येऊन, जिन्यात थांबून मी तो उघडायची. एकदा कड काळसर दिसली आणि मी दोन दिवस जेवले नाही. ती सावली होती. नवव्या आठवड्यात गुलाबी कातडी दिसली. अंगठा राहिला. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, आता रोज तपासायचा, जन्मभर.

भीती काही गेलेली नाही. तो साचा अजून फळीवर आहे.

सिस्टर पुढच्या वर्षी निवृत्त होतात. मी एकदा फोनवर आभार मानायला लागले, तर म्हणाल्या, "पुरे. बाहेर रांग लागलीय."

सिस्टर, शिक्षण पुरं झालं की मी परभणीलाच येणार आहे. दवाखान्यात जागा मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर व्हरांड्यात सतरंजी टाकून बसेन. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते एक दिवस मी फेडणार आहे, तुम्ही नको म्हणालात तरी.